तिसापैकी एकवीस

मी इस्माईल सारंगांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांचं वय छत्तीस होतं, कानांवरचे केस पिकले होते, आणि ते विद्यार्थी होते. हे ते स्वतःच सांगत. कुणी विचारलं, "काय करता?" तर पहिलं उत्तर, "शिकतो." मग जरा थांबून, "आणि इंजिनं दुरुस्त करतो."

साल चौसष्ट. मी चोवीस वर्षांचा, दुबईत देराच्या बाजूला एका स्पेअर पार्टच्या दुकानात स्टोअरकीपर. आज ज्याला यूएई म्हणतात ते तेव्हा झालेलं नव्हतं. सात शेखांचे सात मुलूख होते. दुबई म्हणजे एक खाडी, तिच्या दोन्ही काठांवरची वस्ती आणि मधे लाकडी लाँचांची गर्दी. या लाँचांची इंजिनं इस्माईलभाई दुरुस्त करत. त्यांचं वर्कशॉप आमच्या दुकानाच्या मागे होतं. वर झावळ्यांचं छप्पर, तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला पाणी. ते दाभोळच्या खाडीकडचे, मी चिपळूणचा. एवढी ओळख परदेशात पुरते.

पहिल्याच आठवड्यात ते पिस्टन रिंगा न्यायला आले आणि माझी यादी बघत उभे राहिले. वस्तू, आकार, कोणत्या फळीवर, किती शिल्लक, कधी संपणार, असे पाच रकाने मी आखले होते.

"सावंत, हे तुम्ही केलंत?"

"हो. का?"

"खलास! मला प्रोफेसर मिळाला."

मला वाटलं, माणूस थट्टा करतो आहे. तो थट्टा करत नव्हता.

जिनोव्हा हे इटलीतलं मोठं बंदर. मुंबईच्या गोदीत काम करता करता इस्माईलभाईंना शिष्यवृत्ती मिळाली आणि चोविसाव्या वर्षी ते तिथल्या विद्यापीठात जहाजबांधणी शिकायला गेले. सहा वर्षं राहिले. दोन परीक्षा आणि एक प्रबंध एवढंच बाकी असताना दुबईहून तार गेली: थोरला भाऊ तापाने वारला. भावाचं वर्कशॉप इथे, भावाची बायकामुलं गावाला. इस्माईलभाई घरी न जाता थेट दुबईला उतरले आणि दुसऱ्या दिवशी भावाचा पाना त्यांच्या हातात होता.

आपल्याकडे अशी गोष्ट इथेच संपते. शिक्षण अर्धवट राहिलं, संसार झाला. पण तिथल्या विद्यापीठाचा रिवाज निराळा. वेळेत पूर्ण केलं नाही म्हणून नाव काढत नाहीत. जमेल तेव्हा या आणि परीक्षा द्या. अट एकच. सलग आठ वर्षं एकही परीक्षा पास केली नाही, तर नाव पटावरून जातं आणि आधीच्या सगळ्या परीक्षाही पुसल्या जातात. मी भेटलो तेव्हा सहावं वर्ष चालू होतं.

परीक्षांचा हिशेब एका छोट्या वहीत असतो. तिला लिब्रेत्तो म्हणतात. विषय, तिसापैकी गुण आणि प्रोफेसरची सही. अठराला पास. इस्माईलभाईंची वही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळलेली असे. दोनदा साबणाने हात धुतल्याशिवाय ते तिला शिवत नसत. पहिल्या पानावर त्यांचा फोटो होता. ढगळ ओव्हरकोट घातलेला काळासावळा तरुण, चेहऱ्यावर थंडी स्पष्ट दिसणारी. पुढे बावीस सह्या आणि मग कोरी ओळ.

"ही का कोरी?" मी विचारलं.

"तिथे अजून एक रिवाज आहे. सही करण्याआधी प्रोफेसर विचारतो, एवढे गुण देतो, घेता का? नको असतील तर ग्रात्सिए म्हणायचं, म्हणजे शुक्रिया, आणि उठायचं. पुढच्या वेळी परत द्यायची परीक्षा."

"म्हणजे गुण परत करायचे?"

"बाजारात पापलेट परत ठेवतो ना, तसे. मला एकवीस देत होते. मी तोवर सत्तावीसच्या खाली कधी घेतले नव्हते. म्हटलं, ग्रात्सिए, पुढच्या वेळी येतो." त्यांनी वही मेणकापडात गुंडाळली. "पुढच्या वेळेच्या आधी तार आली."

बाकी कुठलीही गोष्ट ते हसत सांगत. ही नाही.

तिथली परीक्षा तोंडी असते. प्रोफेसर समोर, विद्यार्थी खुर्चीत, आणि मागच्या बाकांवर आपली पाळी यायची असलेली मुलं ऐकत बसलेली. त्यामुळे इस्माईलभाईंचा अभ्यास म्हणजे बोलणं. पहाटेची नमाज झाली की दुकानं उघडेपर्यंतचा तास दीड तास ते वर्कशॉपमधे येरझारा घालत इटालियनमधून बोलत. खाडीवरचे हमाल थांबून ऐकत. एका बलुची हमालाची खात्री होती की हे इंजिनांवर दुवा पढतात, म्हणूनच ती चालू होतात.

त्यांना समोर बसून प्रश्न विचारणारा माणूस हवा होता. तो मी झालो. मला इटालियन येत नव्हतं, पण ती अडचण मी पंधरा मिनिटांत सोडवली. त्यांनी राहिलेल्या दोन्ही परीक्षांचे मिळून चाळीस प्रश्न सांगितले, ते मी देवनागरीत लिहून घेतले आणि नंबर घातले. पहिला प्रश्न होता, "पेर्के ला नावे तोर्ना द्रित्ता?" कलंडलेलं जहाज परत सरळ का होतं? उत्तर बरोबर की चूक, ते मला कळणं शक्य नव्हतं. म्हणून मी फक्त अडखळणं मोजायचं ठरवलं. तारीख, प्रश्न, किती वेळा थांबले, आणि थांबल्यावर छपराकडे पाहिलं का. छपराकडे पाहिलं तर उत्तर येत नसे, जमिनीकडे पाहिलं तर येत असे. हे मी महिन्याभरात शोधून काढलं.

"आज किती?"

"सतरा."

"काल?"

"चौदा."

की दिवसभर चेहरा उतरलेला. लाँचच्या नाखवाला वाटे, आपल्या इंजिनात काहीतरी मोठा बिघाड निघाला.

वर्कशॉपला लागूनच त्यांच्या दोन खोल्या होत्या, मधे गोणपाटाचा पडदा. पडद्यामागे त्यांची बायको, जुलेखाभाभी. त्या काळी आपल्याकडच्या बायका दुबईत मोजक्याच आल्या होत्या. भाभी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचा आवाज पडद्यातून यायचा, भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर.

"सावंतभाई, एवढं विचारता, तर त्या इटलीवालीचं नावही विचारा."

"कुठली इटलीवाली?" इस्माईलभाई कावून म्हणत.

"जिच्यासाठी एवढं पाठ करताय ती."

इटलीवाली एक होती. तिचं नाव एल्विरा, वय साठ, नवरा खलाशी, समुद्रात गेलेला. फोटोतला ओव्हरकोट त्याचाच. इस्माईलभाई तिच्या घरी पाचव्या मजल्यावर राहत. त्या शहरात गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या घरातली बाई आपल्या खिडकीतून हात काढून यांच्या दोरीवर कपडे वाळत घाली. पहिल्या हिवाळ्यात ते दोन पँटी एकावर एक घालून वर्गात बसत. डुकराचं खाणार नाही म्हटल्यावर एल्विराबाई आधी रडली, कारण तिला वाटलं हा मुलगा आजारी आहे. मग तिने एक वेगळं भांडं घेतलं आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. त्या भांड्यात तिने स्वतःसाठीही कधी काही शिजवलं नाही. रमझानमधे सूर्योदयाआधी ती केरसुणीच्या दांड्याने भिंत ठोकून यांना उठवी आणि म्हणे, "ऊठ, तुझा देव वाट बघतोय, आणि सूप थंड होतंय."

"मी तिला मावशी म्हणायचो," ते सांगत. "तिला वाटायचं, मावशी म्हणजे आमच्याकडे राणीला म्हणतात. मी म्हटलं, तसंच आहे."

त्या मावशीचा एक पदार्थ ते वर्षातून दोनदा करत. बाजारात रेहानची जुडी मिळे, ती लसूण, मीठ आणि शेंगदाणे घालून खलात कुटायची. तिकडे शेंगदाण्यांच्या जागी दुसरं काहीतरी असतं, ते इथे मिळत नव्हतं. तो हिरवा गोळा उकडलेल्या शेवयांवर घालायचा. मी जुडीचा वास घेतला आणि मागे सरलो.

"ही तुळस आहे."

"तुळशीची बहीण आहे. सासरी दिलेली."

मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि दोन वेळा वाढून घेतलं. पडद्यापलीकडे भाभींनी एक घास खाल्ला, म्हणाल्या, "बरं आहे. बकरीला आवडेल," आणि सुक्या बोंबलाची चटणी आणायला उठल्या. त्या पदार्थाचं भांडं मात्र त्यांनी दुसऱ्या कशालाच वापरलं नाही. त्याच्या दांड्याला लाल दोरा होता. तो इस्माईलभाईंनी बांधला नव्हता.

एकदा पंप दुरुस्तीला आम्ही अल ऐनला निघालो. तेव्हा रस्ता नव्हता, वाळूतून गाडी जायची. अर्ध्या वाटेवर ती रुतली. मी पाणी, दोरी, फळ्या, फावडं अशी यादी करून सामान घेतलं होतं, त्यामुळे मला काळजी नव्हती. पण ड्रायव्हर चिडला होता. "यल्ला, धक्का दो!" तो ओरडत होता. इस्माईलभाई खांदा लावून ढकलत होते आणि मला म्हणत होते, "सावंत, चौतिसावा विचारा."

"इथे?"

"श्वास लागलेला असताना उत्तर येतं का बघायचंय. परीक्षेत तसंच होतं."

मी चौतिसावा विचारला. गाडी निघेपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत. मी वहीत तसं लिहिलं आणि शेरा दिला: वाळूत.

पण त्या कोऱ्या ओळीच्या विषयात काहीतरी अडत होतं. जहाजाच्या बरगड्यांचा बाक कसा ठरवायचा, या अकराव्या प्रश्नाला ते दरवेळी छपराकडे बघत. पुस्तकातलं गणित त्यांना येत होतं. "गणित येतं," ते म्हणाले, "पण मी म्हणतो त्यावर माझाच भरवसा नाही. त्या वेळी प्रोफेसरने तेच पकडलं होतं."

अजमानला लाकडी गलबतं बांधत. तिथे राशिद नावाचा एक म्हातारा उस्ताद होता. नकाशा नाही, कागद नाही, डोळ्याने गलबत बांधायचा. शुक्रवारी वर्कशॉप बंद असे. एका शुक्रवारी इस्माईलभाई आपली आकडेमोड घेऊन त्याच्याकडे गेले. मी लिहायला बरोबर होतो. उस्ताद वाळूत बसून चहा पीत होता. त्याने कागद हातातही घेतला नाही. त्या किनाऱ्यावर सगळ्यांना थोडंफार हिंदी येई, तसल्या हिंदीत म्हणाला, "पहले ये कागज पानी में डालो. तैरा, तो बात करेंगे."

बाकीचे सुतार खदखदून हसले. मला वाटलं, आता परत फिरणार. इस्माईलभाईंनी कागद घडी करून खिशात ठेवला, चपला काढल्या आणि विचारलं, "उस्ताद, मैं नाप सकता हूँ?"

पाच शुक्रवार आम्ही मोजत होतो. गाठी मारलेला दोरा एकेका बरगडीला लावायचा, ते गाठी मोजत, मी आकडा लिही. एकतीस बरगड्या, प्रत्येकीची सात मापं. पाचव्या शुक्रवारी त्यांनी तिथेच वाळूत बसून सगळा हिशेब लावला. उस्तादाचा डोळा आणि पुस्तकाचं गणित यांत दोन बोटांच्या वर फरक कुठेच नव्हता. आणि जिथे दोन बोटं फरक होता, तिथे उस्तादाने मुद्दाम जास्त बाक दिला होता.

"इथे का?" इस्माईलभाईंनी विचारलं.

उस्तादाने लाकडावर तळहात ठेवला. "यहाँ पानी को जगह चाहिए."

परतीच्या वाटेवर इस्माईलभाई म्हणाले, "सावंत, मी एकवीसचाच होतो. प्रोफेसर बरोबर होता." दुसऱ्या दिवशी सकाळी अकराव्या प्रश्नाला ते जमिनीकडे बघत होते.

आठवं वर्ष लागलं. साल सहासष्ट. एका मालवाहू बोटीवर इंजिनात बदली माणूस हवा होता, बोट जिनोव्हाला जाणारी. परीक्षेच्या तारखेच्या चार दिवस आधी पोचणार, इन्शाल्ला. चुकली तर पुढची तारीख आठ वर्षांच्या पलीकडे. मी सामानाची यादी केली. लिब्रेत्तोचा डबा सर्वांत वर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

निघायच्या सकाळी भाभी पहिल्यांदाच पडद्याबाहेर येऊन माझ्यासमोर त्यांच्याशी भांडल्या. "सही आणायला समुद्र ओलांडतो माणूस! आणि नाही मिळाली तर?"

"तर बावीस सह्या जातील."

"आणि तुम्ही?"

"मी येईन ना परत."

"तसं नाही विचारत," भाभी म्हणाल्या. "कसे याल, ते विचारते."

भाभींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली. आत जाऊन डबा आणला, स्वतःच्या ओढणीने पुसला आणि त्यांच्या हातात ठेवला. बोट दूर समुद्रात उभी होती. छोट्या होडीतून ते तिकडे गेले. डबा त्यांनी मांडीवर धरला होता, पेटी पायाशी.

ते तीन महिन्यांनी परत आले. दाढी वाढलेली, अंगावर तोच ओव्हरकोट. एल्विराबाई गेली होती. तिच्या भाचीने तो जपून ठेवला होता. वर्कशॉपच्या दारात उभे राहून त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. दोनदा साबण लावला. मी आणि पडद्याशी भाभी, दोघंही उभे होतो. त्यांनी वही उघडली.

कोऱ्या ओळीवर सही होती. आकडा एकवीस.

"तोच प्रोफेसर," ते म्हणाले. "म्हातारा झालाय. मला ओळखलं. अकरावाच प्रश्न विचारला, सावंत! मी अजमानच्या उस्तादाचं सगळं सांगितलं, दोऱ्याच्या गाठी, दोन बोटं, पाण्याला जगह. तो खुर्चीतून उठून फळ्याशी आला, म्हणाला, ती बरगडी काढून दाखव. अर्धा तास. मागच्या बाकांवरची पोरं घड्याळ बघायला लागली. मला वाटलं, आता तीस मिळतात."

"मग?"

"मग बाकीचे सहा प्रश्न विचारले. त्यांतले तीन आपल्या यादीत नव्हते."

मी मान खाली घातली.

"म्हणाला, एकवीस देतो. घेता? मी म्हटलं, घेतो. तो हसला. म्हणाला, आठ वर्षांत एकही गुण वाढला नाही? मी म्हटलं, प्रोफेसर, एकही कमी झाला नाही. तेव्हा त्याने सही केली."

आणि हे ते हसत सांगत होते. भाभींनी पुढे होऊन ती ओळ पाहिली. वाचता येत नव्हतं, पण शाई नवी आहे एवढं दिसत होतं. "एवढीशी?" त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन चुलीवर काय होतं ते ढवळू लागल्या. बराच वेळ ढवळत होत्या.

आता पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे निरोपाचं नीट सांगता येईल. अडुसष्ट साली मी दुबई सोडून चिपळूणला परतलो. दुसऱ्या वर्षी मला एक कार्ड आलं. त्यावर जिनोव्हाचा दीपस्तंभ. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, म्हणजे त्यांची बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली असणार. मागे एवढंच लिहिलं होतं: "सव्वीस. घेतले. आता फक्त प्रबंध. भाभीचा सलाम." त्यानंतर आमची भेट झाली नाही.

दुबई सोडण्याच्या आदल्या दिवशी मी चाळीस प्रश्नांची नवी स्वच्छ प्रत काढली होती. शेवटच्या परीक्षेसाठी, मोठ्या अक्षरात, रकाने आखून. माझ्यानंतर कुणीतरी वाचून दाखवील, कुणी नसलं तर ते स्वतः वाचतील, असा हिशेब. सकाळी जहाजावर जाण्याआधी ती द्यायला मी वर्कशॉपच्या मागच्या बाजूने गेलो. पेटी हातातच होती.

इस्माईलभाई येरझारा घालत होते. गोणपाटाचा पडदा बाजूला सारलेला होता आणि मी प्रश्न विचारताना ज्या खोक्यावर बसे, त्यावर जुलेखाभाभी बसल्या होत्या. पुढ्यात दोन वाट्या, एकीत चिंचोके. हातात कागद नव्हता. चार वर्षं पडद्यामागे भाकऱ्या थापताना त्यांनी जे ऐकलं होतं, ते त्या आता दाभोळच्या खाडीच्या हेलात विचारत होत्या.

"पेर्के ला नावे तोर्ना द्रित्ता?"

इस्माईलभाईंनी उत्तर सुरू केलं. मधेच थांबले. भाभींनी त्यांच्याकडे न बघताच एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकला.

"विचार करतोय मी," ते म्हणाले.

"ते तिकडे प्रोफेसरला सांगा."

मग त्यांना मी दिसलो. इस्माईलभाई माझ्याकडे वळू लागले, तशा भाभींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि कोपऱ्यातल्या उपड्या घातलेल्या तेलाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"सावंतभाई, परीक्षा चालू आहे. मागच्या बाकावर बसा."

मी यादी खिशात ठेवली आणि बसलो.